पोटातलं ओठांवर येऊ द्या

हल्ली भावनिक बुद्धिमत्तेवर व्याख्यानं फार होतात. बँकेच्या प्रशिक्षणात, शाळेच्या पालकसभेत, महिला दिनाच्या कार्यक्रमात कुणीतरी पडद्यावर मेंदूचं चित्र लावतं, 'आयक्यूपेक्षा ईक्यू मोठा' असं सांगतं. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन पोराला म्हणतात, "रडतोस काय पोरींसारखा?"

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात, मानसोपचार विभागात मनोविकृती समाजसेविका म्हणून नोकरी केली. डॉक्टर निदान करतात, गोळ्या लिहून देतात. त्याच्या आधी रुग्णाची आणि घरची हकीकत लिहून घ्यायची, नंतर नातेवाइकांना आजार समजावून सांगायचा, मध्येच गोळ्या का बंद केल्या ते विचारायचं, हे माझं काम. त्या टेबलावर बसून जे कळलं ते इथे मांडते आहे.

पीटर सालोवे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय मांडणी केली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. भावना ओळखणं, समजून घेणं, विचार करताना तिचा उपयोग करणं आणि ती हाताळणं, अशी ती कौशल्यं. पुस्तकात ती एकेकट्या माणसाची असतात. माझ्या अनुभवात मात्र या बुद्धिमत्तेला दोन माणसं लागतात: एक सांगणारा, दुसरा ऐकून घेणारा. दुसरा नसला की पहिल्याची हुशारी फारशी कामाला येत नाही. खाली येणाऱ्या माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

१. न बोललेलं अंगावर निघतं

आमच्या ओपीडीत 'मला उदास वाटतं' म्हणत येणारा माणूस विरळा. येतात ते डोकं जड, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा, झोप येईना, अशा तक्रारी घेऊन. तेही मेडिसिन, हाडांचा विभाग, कान-नाक-घसा असे सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर.

एक बाई आल्या होत्या. कॅरीबॅगेत ईसीजी, सोनोग्राफी, दोनदा काढलेला एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट. सगळं नॉर्मल. मुठीनं छातीच्या मधोमध दाबून दाखवत म्हणाल्या, "हितं दगड ठेवल्यावानी होतंय, मॅडम." कधीपासून? "दिवाळीपास्नं." दिवाळीत घरात काय झालं होतं? शेजारी बसलेला नवरा चटकन म्हणाला, "काय नाय, समदं येवस्थित हाय." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. नवऱ्याला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं, तेव्हा कळलं. दिवाळीला माहेरी आलेली लेक परत सासरी जायला तयार नव्हती. आणि त्यावर घरात एक अक्षर काढायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या एका नेहमीच्या तक्रारीचा अभ्यास केला: अंगावरून पांढरं जाणं. ही तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त जोडलेली निघाली. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात जाता येतं. मन खचलंय म्हणून जायची सोय नसते. शरीर ती सोय करून देतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं म्हणून माणसाला परत पाठवू नये. दुखणं सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं, हा एक प्रश्न जरूर विचारावा. तोही घरचं माणूस जवळ नसताना.

२. घरातल्या समजूतदार माणसाची चौकशी आधी करा

बहुतेक घरांत एक समजूतदार नेमलेला असतो. थोरली सून, मधला भाऊ, बाप लवकर गेल्यामुळे लवकर मोठी झालेली मुलगी. 'ती कधी उलटून बोलत नाही', 'त्याचं कसलं मागणंच नसतं' अशी त्याची कौतुकं होतात. कौतुकाचा अर्थ इतकाच की, त्याच्या वाट्याचा त्रास बाकीच्यांना परवडतो. व्याख्यानातला 'भावनांवर ताबा' तो हाच, असं लोकांना वाटतं.

जेम्स ग्रॉस यांनी स्टॅनफर्डला याचे प्रयोग केले. लोकांना मन हेलावणारी चित्रफीत दाखवायची आणि काहींना सांगायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरा कोरा राहिला; आतलं वाईट वाटणं कमी झालं नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात तर दोन अनोळखी बायकांना एकमेकींशी बोलायला बसवलं होतं. एकीनं भावना दाबल्या की समोरचीचाही रक्तदाब वाढत होता. तिला कारण माहीत नव्हतं, तरीही.

म्हणजे गिळणाऱ्याला त्रास होतोच, शेजारी बसणाऱ्यालाही होतो. भावना हाताळणं म्हणजे ती योग्य वेळी, योग्य माणसापाशी, सोसेल अशा शब्दांत बाहेर काढणं. आमच्याकडे समजूतदार माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा बरोबरचे नातेवाईक सगळे एकच वाक्य म्हणतात: "हिला काही होईल असं वाटलंच नव्हतं."

३. राग दिसला की त्याच्यामागे बघा

पुरुषाला आपल्याकडे एकच भावना उघडपणे परवडते, ती म्हणजे राग. बाकीच्या सगळ्या तोच वेश घालून येतात. औषधांच्या खिडकीवर फार्मासिस्टच्या अंगावर धावून गेलेला माणूस बाजूला घेतला की पाच मिनिटांत कळतं, बायको वॉर्डात आहे आणि डॉक्टर राउंडला काय म्हणाले ते याला समजलेलं नाही. राग फार्मासिस्टवर नसतो, त्याच्या पोटात भीतीनं गोळा आलेला असतो. "घाबरलात का?" असं विचारलं तर "मी कशाला घाबरतो?" असं उत्तर येतं. "त्यांच्या तब्येतीचं काय सांगितलं डॉक्टरांनी?" असं विचारलं की आवाज खाली येतो.

याची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत दहातले सात पुरुष होते. महाराष्ट्रात २२,७४६, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. कारणांच्या यादीत पहिलं कारण 'कौटुंबिक समस्या'. घरात बोलता न आलेल्या किती गोष्टी त्या दोन शब्दांत कोंबल्या असतील, ते ओपीडीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही.

४. 'टेन्शन' एवढ्यावर थांबू नका

गावातली आजी असो की कॉलेजातला मुलगा, सगळ्यांना 'टेन्शन' असतं. शब्दाशी माझं भांडण नाही, बोलायला सुरुवात तरी होते. पण कसलं टेन्शन, हे उलगडल्याशिवाय पुढचं पाऊल सापडत नाही. कर्जाच्या हप्त्याची काळजी असेल तर बँकेत जाऊन हप्ते लांबवून मिळतात का ते विचारता येतं. गावात तोंड दाखवायची लाज असेल तर बँक काय करणार? ती लाज एका तरी विश्वासाच्या माणसापाशी उघडी करावी लागते. कुणाचं नुकसान केल्याची टोचणी असेल तर भरपाई किंवा माफी. कुणी गेल्याचं दुःख असेल तर त्याला वेळ आणि सोबत, दुसरं औषध नाही. बाहेरून चारही माणसं सारखीच दिसतात: जेवत नाहीत, झोपत नाहीत, चिडचिड करतात.

मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं की चिडलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांवरची भावना शब्दांत सांगायला लावली की मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या, धोक्याला उसळून उठणाऱ्या भागाची खळबळ कमी होते आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग कामाला लागतो. आमच्या टेबलावर त्याला स्कॅन लागत नसे. "नुसता राग नाही मॅडम, मला हिणवल्यासारखं वाटलं," असं माणूस म्हणाला की त्याचे खांदे उतरलेले दिसायचे.

५. सगळ्यांचं ओळखणाऱ्याची तब्येत जपा

ज्याला दुसऱ्याचं मन चटकन कळतं तो सुखी, असा समज आहे. ऑस्ट्रेलियात जोसेफ किआरोकी आणि सहकाऱ्यांचा २००२चा अभ्यास वेगळं सांगतो. भावना ओळखण्यात जे तरबेज होते, त्यांच्यात ताण आला की नैराश्य आणि हताशपणा अधिक दिसला. दुसऱ्यांच्या भावना हाताळता येणाऱ्यांमध्ये मात्र ताणाबरोबर मरणाचे विचार तितके वाढत नव्हते. म्हणजे ही बुद्धिमत्ता अर्धी असली की बाधते. नुसतं कळतं, पण कळलेल्याचं काय करायचं ते माहीत नाही, अशी अवस्था.

नर्स, आशाताई, शिक्षिका, घरात आजारी सासऱ्याचं करणारी सून, ही सगळी त्या पंगतीतली. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सेविकांवर पुस्तक लिहिलं. नोकरी म्हणून हसायचं, नोकरी म्हणून शांत राहायचं, हीसुद्धा मजुरीच आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या विभागात एक पद्धत होती. ओपीडी संपली, रजिस्टर मिटलं की चहा घेताना आमच्या सिस्टर सगळ्यांना विचारायच्या, "आज कोण डोक्यात राहिलं?" ज्याच्या डोक्यात जो राहिला असेल त्यानं तो सांगायचा, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. चहा संपला की विषय संपला. कुठल्याही प्रशिक्षणानं मला दिलं नाही ते त्या चहानं दिलं: दुसऱ्याचं ओझं घरी न नेण्याची सवय.

६. 'जास्त विचार करू नकोस' हा सल्ला बंद करा

हा सल्ला फुकट असतो, सगळे देतात आणि तो कुणालाच पाळता येत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. मिनिटाला एकदाहून अधिक घंट्या वाजल्या. नंतर मुभा दिली तेव्हा तर अस्वल आधीपेक्षा जास्त डोक्यात शिरलं. ज्याचा मुलगा नापास झाला आहे किंवा ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं आहे, त्याचं अस्वल यापेक्षा मोठं असतं.

मग सांगायचं काय? विचार थांबवायला सांगण्यापेक्षा तो पुढे न्यायला मदत करायची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत इथे उपयोगी पडते. 'पीक गेलं' ही घटना. 'आता मी संपलो' हा त्यावरचा शेरा. घटना आपल्या हातात नसते, शेऱ्यावर चर्चा करता येते. संपलो म्हणजे नेमकं काय संपलं? बियाण्याचे पैसे कुणाचे द्यायचे आहेत? त्याला जाऊन भेटलं तर तो काय म्हणेल? या प्रश्नांनी दुःख नाहीसं होत नाही आणि व्हायलाही नको. पीक गेल्यावर वाईट वाटणं हे धडधाकट मनाचंच लक्षण आहे. वाईट वाटणं आणि जगणं संपल्यासारखं वाटणं यांत जे अंतर आहे, ते राखायचं.

७. गोळी रुग्णाला, पथ्य घराला

स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण गोळ्या चालू असूनही सहा-आठ महिन्यांनी पुन्हा दाखल होतात. याच्या कारणांपैकी एक लंडनमध्ये सापडलं. १९५०च्या दशकात जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की, इस्पितळातून सुटून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणींकडे गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. मायेच्या माणसांपाशीच काहीतरी बिनसत होतं. ब्राऊन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ मध्ये ते काय ते नेमकं दाखवलं: सतत टीका, तिरस्कार आणि गुदमरवून टाकणारी काळजी. नातेवाइकांच्या मुलाखती घेताना ते काय बोलतात याच्याबरोबर कुठल्या सुरात बोलतात, याचीही मोजदाद व्हायची. ज्या घरात हे जास्त आणि रुग्णाचा घरच्यांशी समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांहून अधिक, तिथे आजार उलटण्याचा धोका सगळ्यात मोठा.

१९८०च्या दशकात डॉ. नरेंद्र नाथ विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंदीगडला हीच पाहणी केली. लंडनच्या मानानं तिथल्या घरांत असा सूर कमी निघाला आणि रुग्णही तुलनेनं बरे राहत होते. आपल्या कुटुंबव्यवस्थेची पाठ थोपटायला हा अभ्यास भाषणांत वापरला जातो. मी तो उलटा वाचते: घराचा सूर औषधाइतका मनावर घ्यायचा असतो, आणि तो आपल्या हातात असतो.

एका घरात धाकटा आजारी होता, थोरला शेती बघायचा. थोरल्याचं वाक्य ठरलेलं: "बैलावानी खातोय अन् दिसभर लोळतोय." आई दुसऱ्या टोकाला. पोरगा न्हाणीत गेला तरी दाराबाहेर उभी राहून हाका मारायची. दोघांना समोर बसवून सांगितलं की, लोळणं हा आळस नाही. कानात आवाज येणं हे जसं या आजाराचं लक्षण, तसं अंगातला उत्साह आटणं हेही लक्षणच. मग घरात बोलायचं कसं, ते ठरवलं. 'लोळतोस काय' याच्या जागी "चार वाजता गोठ्यात ये, वैरण टाकायला माणूस पायजे." रोज तीच वेळ, तेच काम, टोमणा नाही. केलं तर "बरं झालं आलास" इतकंच. आईनं दुपारी भजनी मंडळात जायचं आणि त्या वेळात पोराला एकट्याला राहू द्यायचं.

आईला ते जास्त जड गेलं. थोरल्याच्या तोंडून तर जुनं वाक्य अधूनमधून निसटायचंच. तरी धाकटा गोठ्यात जायला लागला, मग म्हशीचं दूध डेअरीवर घालायला लागला. पुढच्या एका फेरीत थोरला वैतागून म्हणाला, "मॅडम, गोळ्या त्याला चालू हायत, पण पथ्य तुमी आमालाच लावलंय." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

८. ऐकायला पदवी लागत नाही, शिस्त लागते

मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत ही रड खरीच. पण सगळंच काम तज्ज्ञाचं नसतं. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत ठरावीक पद्धतीनं बोलायचं: काय करायचं सोडून दिलंय, त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल, अडचण कुठे येते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत अशा भेटी मिळालेल्या रुग्णांची लक्षणं इतरांपेक्षा चांगलीच कमी झालेली दिसली.

शिस्त म्हणजे काय, ते माझ्या परीनं सांगते. समोरचा बोलत असताना आपल्या आयुष्यातली तशीच गोष्ट सांगायची नाही. 'अगं, माझ्या नणंदेचं तर याहून वाईट' असं म्हटलं की बोलणाऱ्याचा दरवाजा बंद. तो थांबला की लगेच भर घालायची नाही. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते. सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारायचं, "नुसतं ऐकू, की काय करता येईल ते बघू?" आणि ऐकलेलं तिसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. गावाकडे माणसं बोलत नाहीत त्याचं मोठं कारण हे शेवटचं आहे.

९. मरणाबद्दल सरळ विचारा

नैराश्याची तपासणी करायला नऊ प्रश्नांचा एक कागद जगभर वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होतं का, आणि नववा प्रश्न: मेलेलं बरं, असा विचार मनात आला का? नातेवाईक त्या प्रश्नाला दचकतात. "असलं काय विचारता मॅडम, नसलेलं डोक्यात भरवाल." तसं होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ज्याच्या मनात नसतं तो "नाही" म्हणून मोकळा होतो. ज्याच्या मनात असतं त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारलेलं असतं.

मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. त्यात आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. कुंकू लावायला आल्यासारखं घरात शिरायचं आणि हळूच हा विषय काढायचा, यात त्यांचा हात मी धरू शकत नव्हते. उत्तर 'हो' आलं तर तीन गोष्टी लगेच करायच्या: माणसाला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध त्याच्या हाताशी राहू द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 'पोलिसांचं लचांड मागं लागेल' या धास्तीनं पुष्कळ घरं गप्प बसतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

१०. भावनिक बुद्धिमत्ता ही लस नाही

ती असणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सरासरीनं बरं असतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहण्यांत दिसलं आहे. पण सरासरीनं. मनं वाचणारे, सगळ्यांना सावरणारे लोक नैराश्यानं अंथरूण धरतात. बायपोलर आजाराचा झटका माणूस किती समंजस आहे हे बघून येत नाही. 'एवढा शहाणा माणूस, त्याला कसं झालं?' या वाक्यात आजारपणाचा दोष आजाऱ्यावरच टाकलेला असतो. मधुमेहाला कुणी असं विचारत नाही.

आणि मोकळं बोलण्यानं सगळं बरं होतं, असंही नाही. गोळ्या लागतात तेव्हा लागतातच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. आमचे निम्मे वाद याच्यावरून: चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडल्या, किंवा महिन्यात बरं वाटलं म्हणून सोडल्या. भावना कळणाऱ्या घराचा उपयोग इथे होतो. "गोळी खाल्लीस का?" असं पोलिसासारखं विचारणारं घर आणि "आज कसं वाटतंय? गोळीनं झोप फार येते का?" असं विचारणारं घर, यांत दुसऱ्या घरातला रुग्ण गोळ्या टिकवतो.

११. केसपेपर लवकर काढा

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या साधारण अकरा प्रौढांना उपचार घ्यावा असा मानसिक त्रास होता. त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. कारणं पुष्कळ असतील. मी जी पाहिली त्यांतलं मोठं हे की, आपल्याला मदत हवी आहे हे ओळखायलाच माणसाला फार उशीर होतो, आणि ओळखलं तरी घरात ते म्हणायची चोरी.

दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं असेल, आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल, तर वाट बघू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. बरोबर कुणाला आणायचं असेल तर जो कमी बोलतो त्याला आणा.

नोंदणीच्या खिडकीवर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतील, "काय होतंय?" तिथे 'डोकं दुखतंय' म्हणालात तरी चालेल. आत आल्यावर मात्र खरं सांगा.